खान्देशच्या उन्हात सावरडोचं विरजण: चौथ्या दिवशी थंड पडलं, फेकू का?

दादरची भाकर | २४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. राहणार चोपडा. मागच्या दिवाळीत लेकीकडे बंगळुरूला महिनाभर होते. ती घरी सावरडो ब्रेड करते, म्हणजे पाकिटातलं यीस्ट न घालता, पीठ-पाणी आंबवून केलेल्या विरजणावर फुगवलेला. बाहेरून कडक, आतून जाळीदार, किंचित आंबट. आपल्या शेवभाजीच्या रश्श्यात बुडवून खाल्ला आणि ठरवलं की हे आपल्या घरी झालंच पाहिजे. लेक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतेय, तिला माझ्या हातचा ब्रेड खाऊ घालायचा आहे.

२१ तारखेला विरजणाला सुरुवात केली. चक्कीवरून दळून आणलेलं लोकवन गव्हाचं पीठ ५० ग्रॅम आणि पाणी ५० ग्रॅम काचेच्या बरणीत कालवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दुप्पट फुगून झाकणाला टेकलेलं! आनंदाने अर्धं काढलं आणि परत पीठ-पाणी घातलं. वास मात्र चांगला नव्हता, ओल्या फडक्यासारखा कुबट. तिसऱ्या दिवशी थोडंसं हललं. आज चौथा दिवस, आणि काही म्हणजे काहीच नाही. वर पिवळट पाणी, खाली गाळ. स्वयंपाकघरात दुपारी ३८ अंश असतात.

लेक म्हणते धीर धर. पण तिच्याकडे २५ अंश असतात. आपल्याकडच्या कुणी केलंय का? फेकून नव्याने सुरू करू का?

बीडाची कढई | २४ एप्रिल, रात्री १०.१५

ताई, अजिबात फेकू नका. मी मूळचा धुळ्याचा, आता पुण्यात. माझं विरजण चार वर्षांचं आहे आणि तेही चौथ्या दिवशी असंच मेल्यासारखं पडलं होतं. जवळजवळ सगळ्यांचं पडतं. दुसऱ्या दिवशी जे फुगलं ते यीस्ट नव्हतंच. मास्तर येऊन नीट सांगतील.

खान्देशी सून | २४ एप्रिल, रात्री १०.३२

वाचतेय. मीही मागच्या वर्षी याच टप्प्यावर सोडून दिलं होतं.

अणुजीव मास्तर | २५ एप्रिल, सकाळी ६.५०

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. थोडं लांबण लागेल, पण कारण कळलं की हात आपोआप बरोबर चालतो.

गव्हाच्या टरफलावर असंख्य प्रकारचे जिवाणू आणि थोडी यीस्ट असते. पाणी लागलं की सगळेच जागे होतात. त्यात सर्वांत चपळ म्हणजे ल्युकोनोस्टॉक आणि त्याच्यासोबतचे काही जिवाणू. ते भराभर वायू सोडतात, म्हणून दुसऱ्या दिवशी बरणी उतू जाते. कुबट वास त्यांचाच. पण याच काळात आम्ल तयार होत जातं, आणि आम्ल वाढलं की हे पहिले पाहुणे स्वतःच टिकू शकत नाहीत. ते गप्प होतात. यीस्ट अजून संख्येने कमी असते. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवसात बरणी निपचित दिसते. आत मात्र आम्ल सोसणारे लॅक्टिक जिवाणू जम बसवत असतात, आणि त्यांच्या मागून यीस्ट वाढते. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास आला की नको असलेल्यांना जागा उरत नाही.

आता खान्देशचा प्रश्न, आणि तो खरा आहे. सावरडोमध्ये नेहमी सापडणारी एक यीस्ट आहे, कझाकस्तानिया ह्युमिलिस. तिला २७-२८ अंश सर्वांत मानवतात आणि ३६ च्या आसपास तिची वाढ थांबते. तिच्या जोडीला राहणारा जिवाणू म्हणजे फ्रुक्टिलॅक्टोबॅसिलस सानफ्रान्सिस्केन्सिस. त्याला ३२-३३ अंश आवडतात आणि तो ४० पर्यंत तग धरतो. या दोघांचं छान जमतं: पिठातली माल्टोज साखर जिवाणू खातो, यीस्टला ती चालतच नाही, ती दुसऱ्या साखरांवर जगते. ताटातल्या ताटात भांडण नाही.

तुमच्या बरणीत नेमके हेच दोघे असतील असं नाही, उष्णता जास्त सोसणाऱ्या यीस्टही असतात. पण कल बहुतेक असाच असतो. ३८ अंशांत आंबवणारे जोरात आणि फुगवणारी लुळी. आंबट होणार, फुगणार नाही. तेव्हा नवं काही सुरू करू नका, बरणीला थंडावा द्या.

दादरची भाकर | २५ एप्रिल, सकाळी ८.०५

सर, मनापासून आभार. तुम्ही लिहिलेला तो पहिला कुबट वास मी ओळखला! कुरडईचा गहू तीन दिवस भिजत घालतो, त्याचा दुसऱ्या दिवशी येतो तो हाच वास. म्हणूनच आपण त्याचं पाणी रोज बदलतो. नाही बदललं तर चीक आंबट होतो आणि कुरडईला रंग येतो. इतकी वर्षं पाणी बदलत आले, ते का हे आज समजलं.

थंडावा कसा देऊ? फ्रीजमध्ये ठेवू का?

यावलची जीजी | २५ एप्रिल, सकाळी ११.२०

फ्रीजमध्ये आत्ता नको गं. कच्चं विरजण फ्रीजमध्ये झोपून जाईल, उठायचं नाही.

मी ब्रेडवाली नाही, दोन वर्षांपासून सुनेबरोबर करते. पण बिबडे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड, चाळीस वर्षं केलेत. बिबड्याची ज्वारी तीन दिवस भिजवून आंबवायची, ती फाल्गुनात एक असते आणि वैशाखात दुसरी. आमची सासू म्हणायची, दिवस मोजू नको, नाकाने बघ. उन्हाळ्यात तीन दिवसांचं काम दीड दिवसात उरकतं.

बरणी माठाखालच्या ओल्या वाळूत अर्धी रोवून ठेव. वरून ओलं पंच्याचं फडकं गुंडाळ, त्याचं टोक वाटीतल्या पाण्यात सोड म्हणजे ते आपोआप ओलं राहील. आपली हवा कोरडी आहे, पाणी झरझर उडतं आणि बरणी गार राहते. कूलरच्या वाऱ्यात ठेवलीस तर अजून बरं. माझ्याकडे बाहेर ३९ असताना बरणीत २९ होते, सुनेने मोजून दाखवलेत.

पावसाळ्यात मात्र ही युक्ती चालत नाही. हवा दमट असते, पाणी उडत नाही.

बीडाची कढई | २५ एप्रिल, दुपारी १.००

जीजी, हे मला धुळ्यात असताना कुणी सांगितलं असतं तर दोन उन्हाळे वाया गेले नसते.

यात प्रमाणाचं तेवढं जोडतो. सगळीकडे १:१:१ सांगतात, म्हणजे विरजण, पीठ, पाणी सारखं. २२-२४ अंशांच्या घरात ते ठीक. आपल्याकडे तेवढं पीठ तीन तासांत फस्त होतं आणि उरलेले एकवीस तास विरजण उपाशी. वर जे पिवळट पाणी दिसतं ते भुकेचं पाणी, त्यात अल्कोहोल असतं. ओतून टाका किंवा ढवळून घ्या, बिघडत नाही. आजपासून दिवसातून दोनदा खाऊ घाला. सध्या १:२:२, एकदा नियमित फुगायला लागलं की १:५:५. म्हणजे १० ग्रॅम विरजण, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी. माठातलं गार पाणी वापरा.

आणि बरणीला रबर लावा, म्हणजे किती फुगलं ते कळेल. रात्री झोपताना बघितलं तेव्हा खाली असतं, पण मधे चढून उतरलेलं असतं. काचेवर राहिलेला पिठाचा माग बघा.

रावेरचा केळीवाला | २५ एप्रिल, दुपारी ३.४५

प्रश्न विचारतो. चमचाभर दही किंवा चिमूटभर बेकरीचं यीस्ट घातलं तर काम लवकर होणार नाही का? द्राक्षं घालायची असंही ऐकलंय. आमच्याकडे पिकलेली केळी भरपूर, ती चालतील का?

अणुजीव मास्तर | २५ एप्रिल, रात्री ८.१०

भाऊ, दह्यातले जिवाणू दुधाच्या साखरेवर वाढलेले, पिठात ते फार काळ राज्य करत नाहीत. आंबटपणा लगेच येतो, फुगवणारं कुणी येत नाही. पाकिटातलं यीस्ट घातलं तर आज फुगेल, पण ते आम्लात रोज राहायला तयार केलेलं नाही, त्यामुळे पुढे भरवसा नाही. द्राक्षांच्या सालीवर यीस्ट असते हे खरं, पण तुम्हाला पिठात जगणारी हवी, आणि ती पिठातच असते.

केळं घालू नका. साखर वाढेल आणि बुरशीलाही आवडेल.

बाहेरून फुगवणारं आणायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, नारळाची माडी घालून पाव फुगवत. पण ते विरजण सांभाळणं नव्हे. आणि कालच्या कणकेतला गोळा राखून आज वापरायची रीत रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. तिला पीठ, पाणी आणि नियमितपणा यापलीकडे काही लागत नाही.

खान्देशी सून | २५ एप्रिल, रात्री ९.३०

पिठाबद्दल कुणी सांगा ना. लोकवन, शरबती, खपली, की मैदा? आमच्या नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास येतो, त्याचं काय?

बीडाची कढई | २६ एप्रिल, सकाळी ७.१५

पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा, किंवा उकळून गार करा. वास गेला की वापरा.

विरजणाला चक्कीचं कोंड्यासकटचं पीठ सर्वांत चांगलं, कारण सूक्ष्मजीव आणि त्यांचं खाणं दोन्ही कोंड्याकडेच जास्त. चक्कीवरून पीठ गरम येतं, ते पसरून पूर्ण निवू द्या.

ब्रेडचं गणित वेगळं. लोकवनचा ब्रेड चवीला फार सुंदर होतो, पण कोंड्याच्या कडा ग्लूटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी कापतात, म्हणून मैद्याच्या ब्रेडइतका उंच होत नाही. चक्कीच्या दगडाखाली पिठातला स्टार्चही बराच फुटतो. असं पीठ पाणी जास्त पितं आणि उन्हात लवकर सैल पडतं. खपलीचं ग्लूटेन नाजूक असतं, तिच्यापासून सुरुवात करू नका. पहिल्या ब्रेडला लोकवन आणि मैदा निम्मे-निम्मे घ्या. मांड्यांसाठी कणीक वस्त्रगाळ करतो तशी चाळली तर मैद्याचं प्रमाण कमी करता येतं. खापरावर हातभर मांडा न फाटता ताणतो, ती ताकद आपल्या गव्हात आहेच.

तापीकाठचा | २६ एप्रिल, सकाळी १०.००

दादर ज्वारीच्या पिठाचं विरजण होईल का? घरची दादर आहे, गहू विकत आणावा लागतो.

अणुजीव मास्तर | २६ एप्रिल, दुपारी १२.२५

विरजण उत्तम होतं. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला किसरा म्हणतात, तिथलं रोजचं अन्न आहे. पण ज्वारीत ग्लूटेन नाही, वायू धरून ठेवणारी जाळी नाही. म्हणून नुसत्या ज्वारीचा गोल ब्रेड उभा राहणार नाही. ज्वारीचं विरजण करून गव्हाच्या कणकेत घाला, तो मार्ग चांगला आहे. चवीला एक वेगळाच गोडवा येतो.

दादरची भाकर | २९ एप्रिल, रात्री १०.५०

नववा दिवस सरला. काल रात्री १०-२०-२० घातलं होतं, पहाटे पाच वाजता उठून बघितलं तर रबराच्या वर दोन बोटं! वास बदललाय. कुबटपणा गेला, पिकलेल्या बोरांसारखा आंबटगोड येतोय. मी बरणी घेऊन अंगणात उभी राहिले बराच वेळ.

जीजी, वाळूची युक्ती लागू पडली. दुपारी ३० च्या पुढे गेलं नाही.

उद्या आखाजी. घागर भरायची, मांडे करायचे, ब्रेडला सवड नाही. लेक आली आहे, तिने बरणी उघडून वास घेतला आणि म्हणाली, आई, हे माझ्यापेक्षा जोमदार आहे.

एक विचारायचं राहिलं. रोज काढून टाकते ते फार जीवावर येतं. पीठ टाकवत नाही.

यावलची जीजी | ३० एप्रिल, सकाळी ६.००

आखाजीच्या शुभेच्छा सगळ्यांना. लेकीबाळी माहेरी आल्यात, झोके बांधलेत, आज फार बोलत नाही.

पहिल्या आठवड्याचं काढलेलं खाऊ नका, त्यात ते पहिले घाण वासाचे असतात. झाडाला घाला. आता वास सुधारला, आता काढलेलं डब्यात साठव. त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून धिरडी कर. आणि मुळात कमी ठेव. दहा ग्रॅम पुरतं, वाटीभर कशाला सांभाळायचं?

रावेरचा केळीवाला | १ मे, रात्री ८.४०

वडिलांना मधुमेह आहे. सावरडो चालतो असं सगळीकडे लिहितात. आणि भाचीला ग्लूटेन वर्ज्य सांगितलंय, तिलाही देता येईल का?

अणुजीव मास्तर | १ मे, रात्री ९.५५

भाचीला ग्लूटेन वर्ज्य असेल तर गव्हाचा सावरडो अजिबात देऊ नका. आंबवल्याने ग्लूटेन थोडं तुटतं, नाहीसं होत नाही. सिलियाक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांना ते घातकच.

वडिलांसाठी: आम्लामुळे साखर काहीशी सावकाश चढते असं दिसून येतं, पण तो ब्रेडच आहे, पिष्टमय पदार्थ तेवढेच. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, मोजून द्या. कोंड्यातलं फायटिक आम्ल आंबवण्याने कमी होतं आणि लोह, जस्त अंगी लागायला मदत होते, हा खरा फायदा.

दादरची भाकर | ७ मे, दुपारी ४.१०

पहिला ब्रेड बिघडला. मन फार खट्टू झालंय. लेक उद्या परत निघते.

व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे रात्री नऊला कणीक भिजवली, ओट्यावर झाकून ठेवली, सकाळी आकार द्यायचा होता. सहाला बघितलं तर कणीक नव्हतीच, परातीत लापशी. हाताला नुसती ओघळत होती. तरी भाजलं. बट्टीसारखं चपटं झालं, आत ओलं, आणि इतकं आंबट की नातवाने घास काढून ठेवला. विरजण तर दुपटीच्या वर फुगत होतं!

बीडाची कढई | ७ मे, संध्याकाळी ६.३०

ताई, विरजण चांगलं होतं म्हणूनच हे झालं. तो व्हिडिओ थंड देशातल्या रात्रीचा असणार. आपल्या मे महिन्याच्या रात्री ओट्यावर नऊ तास म्हणजे दोन ब्रेडचा वेळ. आम्ल जास्त झालं की ग्लूटेनची जाळी विरघळते, मग कितीही पीठ भुरभुरवा, उभं राहत नाही.

मी मे महिन्यात धुळ्याला आईकडे करतो ते जसंच्या तसं लिहितो. पहाटे पाचला सुरू करायचं, हे महत्त्वाचं.

लोकवनचं चाळलेलं पीठ २०० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, फ्रीजमधलं गार पाणी २९० ग्रॅम. नुसतं कालवून अर्धा तास झाका. मग नुकतंच शिगेला पोहोचलेलं विरजण ४० ग्रॅम. हिवाळ्यात ८० घ्या, उन्हाळ्यात ४० च पुरे. मीठ ८ ग्रॅम, म्हणजे पिठाच्या २ टक्के. मीठ विसरू नका, ते चवीसाठी तर आहेच, शिवाय आंबण्याला लगाम घालतं आणि कणकेला ताण देतं. मग दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारी बाजूंनी ताणून घडी घाला, असं चार वेळा. परात ओल्या फडक्यावर.

आता घड्याळ विसरा. कणीक दीडपट झाली, कडेला बुडबुडे दिसले, परात हलवली की थलथलते, की थांबा. दुप्पट होण्याची वाट बघायची नाही. मला आईकडे साडेतीन ते चार तास लागतात. लगेच आकार द्या, टोपलीत फडकं घालून त्यावर तांदळाची पिठी भुरभुरवा, कणीक ठेवा आणि थेट फ्रीजमध्ये. आठ ते बारा तास. रात्री गारव्यात भाजा.

भाजायला बीडाची झाकणाची कढई ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २३० अंशांवर अर्धा तास तापवायची. कणकेवर ब्लेडने एक खोल चीर द्या, कढईत सोडा. झाकून २० मिनिटं, झाकण काढून २० ते २५. झाकणाने वाफ कोंडते, वरचा पापुद्रा मऊ राहतो, ब्रेडला वर चढायला वाव मिळतो. काढल्यावर किमान दोन तास कापायचा नाही. आत अजून शिजणं चालू असतं, गरम कापला की चिकट लागतो.

खान्देशी सून | ७ मे, रात्री ९.००

माझ्याकडे ओटीजी नाही. कुकरमध्ये होईल का?

बीडाची कढई | ७ मे, रात्री ९.२५

कुकर कोरडा तापवू नका, खराब होतो. बीडाची जाड कढई गॅसवर, तिच्याखाली जुना तवा, घट्ट झाकण, मंद आच, ४० मिनिटं, मधे एकदा उलटवून. वरचा रंग ओव्हनसारखा येत नाही, पण आतून नीट भाजतो. पहिल्यांदा छोटा गोळा करून बघा.

दादरची भाकर | १६ मे, सकाळी ७.३०

झाला! दादा, झाला!

परवा पहाटे पाचला सुरू केलं. पावणेनऊलाच कणीक थलथलायला लागली. मी अजून अर्धा तास थांबणार होते, पण जीजींचं आठवलं, दिवस मोजू नको. लगेच आकार देऊन फ्रीजमध्ये. मधे दोन तास वीज गेली, फ्रीज उघडलाच नाही. रात्री साडेआठला भाजला. झाकण काढलं तेव्हा चिरेची कड वर उचललेली होती, कानासारखी. ताटलीत काढल्यावर पापुद्रा तडतड वाजत होता, आम्ही दोघं नवरा-बायको कान लावून ऐकत बसलो.

बंगळुरूसारखा जाळीदार नाही. भोकं बारीक आहेत, रंग आपल्या भाकरीसारखा तांबूस. पण मऊ आहे, आंबटपणा जिभेच्या कडेला लागतो तेवढाच. काल सकाळी भाजलेल्या वांग्याच्या भरिताबरोबर खाल्ला. कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेलं भरीत, वर कच्चं तेल. ह्यांनी तीन तुकडे घेतले आणि भाकरी मागितली नाही.

लेकीला फोटो पाठवला. ती म्हणाली, आता तुझं विरजण मला दे, माझं उन्हाळ्यात मरतुकडं होतं. कुरियरने बरणी कशी पाठवू? वाटेत फुटेल, उतू जाईल.

यावलची जीजी | १६ मे, सकाळी ९.१०

शाबास गं बाई. डोळे भरून आले वाचून.

बरणी नको पाठवू, वाळवून पाठव. शिगेला आलेलं विरजण बिबड्याच्या प्लास्टिकच्या कागदावर चमच्याने पातळ पसर. पण बिबड्यासारखं गच्चीवर नेऊ नको हो, आपल्या मे महिन्याच्या उन्हात तापून सगळं मरेल. घरातच, सावलीत, पंख्याखाली. आपल्या कोरड्या हवेत एका दिवसात कडकड पापुद्रे निघतात. चुरून पुडीत भर. तिने कोमट पाण्यात भिजवून दोन-तीन दिवस पीठ घातलं की उठेल.

आणि थोडे पापुद्रे आपल्याजवळही ठेव, डब्यात झाकून. कधी बरणी बिघडली, गुलाबी-केशरी रेघ दिसली किंवा केसाळ बुरशी आली तर वरचं खरवडून वापरायचं नाही, सगळं फेकायचं. तेव्हा हे कामी येतील.

दादरची भाकर | १६ मे, सकाळी ९.४०

आत्ताच खाऊ घातलंय जीजी. दुपारी एकपर्यंत शिगेला येईल, तेव्हा पसरते. देवघराच्या खोलीत ऊन येत नाही, तिथला पंखा लावून ठेवते.

तापीकाठचा | १६ मे, सकाळी १०.०५

ताई, एक पुडी अमळनेरलाही पाठवाल का? दादरच्या पिठावर वाढवून बघतो.